राहून गेलेले कुरुक्षेत्र

पानिपतावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे दुसऱ्या एखाद्या लढाईवर क्वचितच लिहिले गेले असेल. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो या मोहिमेच्या आगेमागे लिहिल्या गेलेल्या पत्रांचाच. शेजवलकरांनी १९४६ साली या विषयावर एक संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. भाऊसाहेबांचे चुकले कोठे, मल्हारराव होळकर रणांगण सोडून निघाले ते कोणत्या क्षणी, इब्राहिमखान गारद्याची गोलाची रचना कोणी मोडली, या प्रश्नांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत आणि यापुढेही होतील. ते व्हावयासही हवेत. परंतु या सर्व चर्चेत एका मोठ्या समुदायाचा उल्लेख येतो तो बहुधा केवळ दोष देण्यापुरता. सैन्याबरोबर गेलेली बायकामुले, भिक्षुक, व्यापारी आणि यात्रेकरू हे भाऊंच्या पायातले लोढणे ठरले, एवढे एक वाक्य लिहून इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

हे लोढणे म्हणजे माणसे होती. घरून निघताना त्यांनी काही एक बेत केला होता. तो बेत वाटेत एकदा नव्हे, चार-पाच वेळा बदलला, आणि प्रत्येक वेळी हाती उरले त्यात त्यांनी समाधान मानून घेतले. या लेखात युद्धाचा विचार मी त्यांच्या बाजूने करणार आहे.

प्रथम प्रश्न असा की, हे लोक गेलेच का? आज दिल्लीत बसून आपणांस काशीला जावयाचे तर रात्री गाडीत बसून सकाळी गंगेवर उतरता येते. अठराव्या शतकात पुणे प्रांतातील गृहस्थास त्रिस्थळी यात्रा करावयाची, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया गाठावयाची, तर वर्षदीड वर्षाची निश्चिती लागे. वाटेत नर्मदा, चंबळ, यमुना अशा नद्या, प्रत्येक संस्थानाची जकात, ठिकठिकाणी लुटारू. ज्याच्या पदरी स्वार-शिपाई नाहीत त्याने एकट्याने निघणे म्हणजे घरच्यांचा कायमचा निरोप घेण्यासारखेच होते. अशा माणसाला उत्तरेस जाणारे पेशव्यांचे सैन्य ही चालती-फिरती धर्मशाळाच वाटे. सैन्याबरोबर बाजार असे, सावकार असे, वैद्य असे आणि मुख्य म्हणजे वाट अडविणाऱ्याची छाती होत नसे.

शिवाय या विश्वासाला आधार होता. बाजीरावाची आई राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरयात्रेस निघाली आणि सव्वा वर्षाने सुखरूप परतली. उदेपूर, जयपूर, मथुरा, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी, गया इतकी क्षेत्रे तिने केली. सवाई जयसिंगाने तिचा मोठा आदर केला. आणि ज्या महंमदखान बंगशाशी बाजीराव सहा वर्षांपूर्वी बुंदेलखंडात लढला होता, त्यानेही या वृद्धेच्या वाटेस उपद्रव होऊ दिला नाही, उलट सन्मानच केला. मुलाचा शत्रू आईच्या यात्रेची काळजी घेतो, हे त्या काळाचे एक रूप होते. पंचवीस वर्षांनी भाऊंच्या सैन्याबरोबर निघालेल्या कुटुंबांच्या मनात ही यात्रा असणे अगदी स्वाभाविक होते. ज्यांनी ती पाहिली होती अशी माणसे अजून हयात होती.

उदगीरचा विजय ३ फेब्रुवारी १७६० चा. त्यानंतर मार्चमध्ये पाटदूरहून सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव उत्तरेकडे निघाले. दत्ताजी शिंदे त्याच वर्षीच्या जानेवारीत यमुनाकाठी बुराडी घाटावर पडला होता आणि अब्दालीचा बंदोबस्त हे मोहिमेचे उघड कारण होते. परंतु काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे अयोध्येच्या नवाबाकडून मराठ्यांच्या ताब्यात यावीत ही पेशव्यांची जुनी मनीषाही त्यामागे उभी होती. म्हणजे राज्यकर्त्यांचा नकाशा आणि यात्रेकरूंचा नकाशा हे तेव्हा पुष्कळसे एकच होते. दोघांनाही यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरावयाचे होते, दोघांनाही पूर्वेस जावयाचे होते. यात्रेकरूंना सैन्याने फुकट वाहून नेले असे समजण्याचे कारण नाही. सैन्य जेथे निघाले होते तेथेच तेही निघाले होते.

या दोन्ही बेतांचा कणा नावांवर उभा होता. इटाव्याच्या बाजूस यमुनेवर नावा जमवाव्यात आणि सैन्य पार उतरविण्याची सोय करावी, असा भाऊंचा गोविंदपंत बुंदेल्यांस हुकूम होता. त्याविषयी पत्रांमागून पत्रे गेली. मे अखेरीस सैन्य ग्वाल्हेरीस पोहोचले, चंबळ ओलांडली, आणि तेवढ्यात पाऊस लागला. गंभीर नदीला असा पूर आला की तिने भाऊंना कित्येक दिवस जागचे हलू दिले नाही. यमुना तर दुथडी भरून चालली होती. नावा जमल्या नाहीत. जमल्या असत्या तरी त्या पाण्यात पन्नास हजार घोडी आणि अवजड तोफा पार होत्या ना, याची शंकाच आहे. अंतर्वेदीत उतरण्याचा बेत येथेच संपला. बखरकारांनी आणि त्यांच्या मागून आपण सर्वांनी गोविंदपंतांस पुष्कळ बोल लावले. वसुलाच्या कामात ते ढिले पडले असतील. पण आषाढातल्या यमुनेवर कोणाचा हुकूम चालत नाही, एवढे तरी त्यांच्या बाजूने म्हणावयास हवे.

काशी, प्रयाग, गया ही तिन्ही स्थळे नदीपलीकडे राहिली. आता यात्रेकरूंनी काय करावे? परत फिरणे शक्य नव्हते, कारण मागच्या नद्याही फुगल्याच होत्या. त्यांनी अलीकडच्या तीरावर जे होते ते केले. जुलैत सैन्य मथुरेस आले. या मोहिमेत अठरा वर्षांचा एक तरुण आपली आई आणि पत्नी यांसह आला होता. पुढे तो नाना फडणवीस म्हणून हिंदुस्थानभर गाजला. त्याने उत्तरायुष्यात आपल्या पूर्वचरित्राची जी हकीकत लिहिली, तीत व्रजभूमी पाहिल्याचा आनंद आहे. यमुनास्नान, वृंदावन, कृष्णाच्या लीलांची ठिकाणे यांविषयी तो भक्तिभावाने लिहितो. पुढल्या संहाराची वार्ता ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या हाताने हे लिहिले आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आनंदाचे मोल अधिक वाटते. गंगा मिळाली नाही, कालिंदी मिळाली. आणि मिळाली ती त्याने कमी लेखली नाही.

याच सुमारास भाऊंपुढे दुसराही एक बेत मांडण्यात आला होता. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सुचविले की बायकामुले, बुणगे आणि जड सामान ग्वाल्हेरीस किंवा जाटांच्या एखाद्या किल्ल्यात ठेवावे आणि सड्या फौजेने अब्दालीस गनिमी काव्याने त्रस्त करावे. बखरकार सांगतात की भाऊंनी हा सल्ला तुच्छतेने झिडकारला. सल्ला शहाणपणाचा होता यात शंका नाही. मात्र तो नाकारण्यामागे निव्वळ गर्व होता असे मला वाटत नाही. परक्याच्या किल्ल्यात आपली कुटुंबे ठेवणे म्हणजे त्याच्या हाती ओलीस देणे, हा विचार त्या काळच्या कोणाही मुत्सद्द्याच्या मनात आला असता. आणि ज्यांनी काशीसाठी घर सोडले ते ग्वाल्हेरीस मुकाट्याने थांबले असते काय, हाही प्रश्न आहेच. पुढे काय झाले हे आपणांस ठाऊक असल्यामुळे सूरजमल आपणांस द्रष्टा वाटतो. खरोखरीचे त्याचे मोठेपण या सल्ल्यात नव्हे, निराळ्याच गोष्टीत आहे. ती पुढे येईल.

ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला हाती आला. भाऊंचे सैन्य ऑक्टोबरपर्यंत येथेच राहिले, म्हणजे आपण आज ज्या शहरात फायली हालवीत आहो त्याच शहरात त्या वर्षीचा श्रावण, गणपती आणि पितृपक्ष दक्षिणेतल्या हजारो कुटुंबांनी काढला. पैशाची ओढ इतकी की दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडावे लागले. नदीच्या पलीकडे, गंगेकाठी अनूपशहरास अब्दाली पावसाळा संपण्याची वाट पाहत बसला होता. नजीबखान रोहिल्याच्या खटपटीने अयोध्येचा शुजाउद्दौला त्याला जाऊन मिळाला होता. यमुना दोघांच्या मध्ये होती.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी प्रवास-सवलतीचा लाभ घेऊन मुंबईहून निघणाऱ्या एका पर्यटनाच्या जहाजातून समुद्रसफर करण्याचा बेत ठरला होता. कारकुनाच्या घरात समुद्रपर्यटन ही केवढी अपूर्वाई असते हे वाचकांस सांगावयास नको. मुलीने तर बोटीवर घालावयाच्या टोपीचीही निवड केली होती. निघावयास सहा दिवस उरले असता जहाजाची ती फेरीच रद्द झाल्याचे कळविण्यात आले. रजा मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेली रजा परत करण्याइतका निरिच्छ कर्मचारी निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. जानेवारीचे दिवस होते. एका सहकाऱ्याने म्हटले, समुद्र नाही तर नाही, पानिपत तरी पाहून या. दिल्लीपासून नव्वद किलोमीटर. बारा वर्षांच्या दिल्लीच्या नोकरीत मी चंडीगढच्या गाडीतून ते चाळीसदा ओलांडले होते आणि एकदाही उतरलो नव्हतो.

पानिपत शहरापासून काला अंब सुमारे आठ किलोमीटर. शेतांच्या मध्ये राखलेली बाग, लोखंडी कठडा आणि त्यात विटांचा एक निमुळता स्तंभ. धुक्यात तो अगदी जवळ जाईपर्यंत दिसला नाही. येथे एक आंब्याचे झाड होते, रणातल्या रक्ताने त्याची पाने आणि फळांचा रस काळवंडला, अशी लोककथा आहे. वनस्पतिशास्त्राला ती मानवणार नाही. पण झाड होते हे निश्चित. ते वठल्यावर त्याचे लाकूड पंडित सुगनचंद रईस यांनी विकत घेतले आणि त्याची कोरीव दारे करविली. ती संग्रहालयात जतन केली आहेत. मुलीने स्तंभावरून हात फिरवीत विचारले, “हे सगळे इथे लढायलाच आले होते का?” मी म्हटले, “नाही. पुष्कळजण काशीला निघाले होते.” या लेखाचे बीज त्या उत्तरात आहे. असो.

पाऊस ओसरला आणि भाऊ दिल्लीहून उत्तरेस वळले. यमुनेच्या काठाने वर करनालजवळ कुंजपुरा म्हणून गढी आहे. तीत अब्दालीसाठी साठविलेले धान्य आणि खजिना होता. १७ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास मराठ्यांनी ती घेतली. दत्ताजीच्या मृत्यूशी ज्याचे नाव जोडले गेले होते तो कुतुबशहा तेथे मारला गेला. दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, दसरा होता. लुटीचे धान्य, सूडाचे समाधान आणि विजयादशमी हे सारे एकत्र जुळून आले. या सबंध मोहिमेत मराठ्यांच्या छावणीला खऱ्या अर्थाने सुखाचा म्हणता येईल असा तो शेवटचा आठवडा.

कुंजपुऱ्यापासून कुरुक्षेत्र म्हणजे ठाणेसर पन्नास किलोमीटरांच्या आतच आहे. त्रिस्थळी हुकली होती, पण भारतीय युद्धाच्या भूमीतील सरोवरांचे स्नान आता दोन-तीन मुक्कामांवर आले होते. कोजागरीच्या आगेमागे सैन्य आणि त्याबरोबर सारा परिवार त्या दिशेने निघाला. करनाल ओलांडून तरावडीपर्यंत मजल गेली असेल-नसेल, तोच बातमी आली की अब्दालीने दिल्लीच्या वरच्या अंगास बागपतनजीक यमुना ओलांडली. त्याच्याजवळही नावा नव्हत्या. त्याने उतार शोधून घोडी पाण्यात घातली, कित्येक माणसे वाहून गेली, पण २५ ऑक्टोबरच्या सुमारास सैन्य अलीकडच्या तीरावर आले. जी नदी मराठ्यांनी चार महिने कुंपण समजून सोडली होती ते कुंपण राहिले नाही. भाऊ आणि दिल्ली यांच्यामध्ये आता अफगाण उभे होते.

सैन्य मागे फिरले. कुरुक्षेत्र राहिले.

या ठिकाणी टीकाकार म्हणतात : यात्रेकरूंच्या स्नानापायी भाऊंनी उतारांवर पहारे ठेवले नाहीत आणि राज्य घालविले. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. कुंजपुऱ्याच्या उत्तरेस जाणे हे केवळ स्नानासाठी नव्हते. अब्दालीचा मायदेशाचा रस्ता पंजाबातून जात होता, तो रोखण्यात लष्करी अर्थ होता. पतियाळ्याचा आलासिंग मराठ्यांना धान्य पुरवीत होता, म्हणजे रसदेची वाटही त्याच बाजूस होती. कुरुक्षेत्र या रस्त्यावर पडत होते, वळसा घालून जावे लागत नव्हते. उतार मोकळे राहिले हा भयंकर दोष खरा, परंतु तो हेरांचा आणि चौक्यांचा दोष आहे. पाचशे स्वार बागपताच्या घाटावर ठेवल्याने एकाही म्हातारीचे स्नान चुकले नसते. पराभवाचे कारण शोधताना जो समुदाय उत्तर देऊ शकत नाही त्याच्या नावे ते मांडणे सोपे असते. कचेरीत काम करणाऱ्यांना ही रीत अपरिचित नाही.

याचा अर्थ यात्रेकरूंचा भार झाला नाही असा मुळीच नव्हे. झाला, आणि तो पानिपतास झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस मराठ्यांनी पानिपतास तळ दिला, भोवती खंदक खणला, आणि समोर काही कोसांवर अब्दालीने आपला तळ टाकला. अडीच महिने हे दोन तळ एकमेकांकडे पाहत होते. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे अधिक असलेल्या छावणीत प्रत्येक दिवशीचे धान्य कोठून आणावयाचे, हा प्रश्न तोफांपेक्षा मोठा झाला. येथे इतिहासकारांचे गणित बरोबर आहे आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मी या अडीच महिन्यांकडे पंचांग हाती धरून पाहतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी दिवाळी आली. ती त्यांनी खंदकाच्या आत केली असणार. कशी केली ते कोणी लिहून ठेवलेले नाही. तेव्हा अजून आशा होती, बाजार भरत होता, आलासिंगाकडून धान्य येत होते. कार्तिकी एकादशी झाली. कार्तिकी अमावास्येच्या रात्री, ७ डिसेंबरला, चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले आणि छावणीचा एक मोठा आधार गेला. पुढे थोड्याच दिवसांत, अब्दालीची रसद तोडीत अंतर्वेदीत फिरणारे वृद्ध गोविंदपंत बुंदेले दिल्लीजवळच्या भागात अचानक छाप्यात सापडून मारले गेले. ज्यांच्यावर नावा न जमविल्याचा ठपका होता त्यांचे शीर भाऊंकडे पाठविण्यात आले. त्यानंतर रसद आटतच गेली. दागिने वितळवून नाणी पाडण्यात आली. पण नाणे खाता येत नाही.

येथे एक लहानशी गोष्ट सांगून टाकतो. १४ जानेवारीची लढाई म्हणून आपण सर्रास ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ असे म्हणतो आणि ती लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली असे पुष्कळांस वाटते. अयनचलनामुळे संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकत आली आहे. १७६१ साली संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. म्हणजे तो सण उपाशी छावणीत आला आणि गेला. तीळ आणि गूळ कोणाजवळ उरला होता, कोण जाणे.

१३ जानेवारीच्या रात्री सरदारांनी भाऊंना सांगितले की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशीच्या लढाईचे स्वरूप शेजवलकरांनी ज्या रीतीने उलगडले आहे ते मला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. तो अब्दालीवर चालून जाण्याचा बेत नव्हता, निदान प्रथम नव्हता. बायकामुले आणि बुणगे यांना पोटात घेऊन, भोवती तोफा आणि गारदी यांचा गोल बांधून यमुनेच्या रोखाने सरकत जावयाचे आणि नदीचे पाणी गाठून दिल्लीकडे निसटावयाचे, असा तो विचार होता. मार्चमध्ये आखलेल्या प्रवासाचा हा शेवटचा बदललेला बेत. जिचे पाणी चार महिने अडथळा होते तीच यमुना आता एकमेव आसरा होती. पहाटे ज्यांना गोलाच्या मध्यभागी चालावयास सांगितले त्यांच्यात काशीसाठी आणलेल्या पूजेच्या वस्तू अजून गाठोड्यात बाळगणारी किती माणसे असतील, याचा विचार मनातून जात नाही.

दुपारपर्यंत गोल टिकला. विश्वासरावास गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर गर्दीत शिरले, आणि मग व्यवस्था अशी राहिली नाही. लढाईचे वर्णन मी करीत नाही. ते वाचकांनी अनेक ठिकाणी वाचले आहे. भाऊ अखेरपर्यंत लढले ती जागा काला अंबाची, असे परंपरा सांगते. गोलाच्या पोटात जे होते त्यांना शस्त्र नव्हते आणि पळावयास घोडे नव्हते. हजारो कापले गेले, हजारो बायकामुले गुलाम म्हणून नेली गेली.

जे वाचले ते पश्चिमेस आणि दक्षिणेस पळाले. नाना फडणविसाने अंगावरची वस्त्रे टाकून, उपाशी, गवतातून लपत वाट काढली. त्याची पत्नी वाचली आणि पुढे त्यास भेटली. आई परत आली नाही. सदाशिवरावांची पत्नी पार्वतीबाई जानू भिंताडा या निष्ठावंत सेवकाच्या साहाय्याने बाहेर पडली. या लोकांची दैना मथुरेच्या परिसरात येऊन थांबली, कारण सूरजमल आणि त्याची राणी किशोरी यांनी या उघड्यानागड्या, जखमी माणसांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. ज्याचा सल्ला झिडकारला गेला आणि जो रुसून मोहीम सोडून गेला होता त्याने हे केले. शत्रूच्या गोटातही हिंदू गोसाव्यांच्या आणि शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या खटपटीने विश्वासरावाचे दहन विधिपूर्वक होऊ शकले. बंगशाने राधाबाईची जी राखण केली होती तिचा अवशेष एवढ्यातच दिसतो. जाताना सहा महिन्यांपूर्वी ज्या मथुरेत यात्रेकरूंनी आनंदाने स्नान केले होते तेथेच परतणाऱ्यांनी मृतांच्या नावे तिलांजली दिली असेल.

अशी अर्ध्यावर वळलेली यात्रा पुढे एका कोकणी भिक्षुकानेही केली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून मथुरेस निघाले आणि वाटेतच बंडाच्या वणव्यात सापडले. यज्ञ राहिला. त्यांनी झांशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, वणवण फिरले. पण अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईस पोहोचले आणि त्या पाण्याने आईवडिलांस स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक त्यामुळे आपणांस मिळाले. पानिपतच्या यात्रेकरूंपैकी कोणाजवळ अशी कावड उरली नाही, आणि नानाखेरीज लिहिणारे हातही फारसे उरले नाहीत.

उरले ते या प्रदेशातच विरले असे मानणारा एक वर्ग आहे. हरियाणातील रोड समाज स्वतःस पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज समजू लागला आहे. इतिहासाच्या कसोटीवर हा दावा सर्वांस मान्य नाही. तथापि १४ जानेवारीस काला अंबावर महाराष्ट्रातून गाड्या भरून येणाऱ्या लोकांचे स्वागत हीच माणसे करतात. पानिपत शहरात तलावाकाठी देवीचे एक देऊळ आहे, ते मराठ्यांनी बांधले असे सांगतात. वेढ्यात असताना देऊळ बांधावयास कोणास सवड मिळाली असेल काय, अशी शंका मला तेथे आली होती. नंतर वाटले, अडीच महिने एका जागी अडकलेल्या यात्रेकरूंना दुसरे तरी काय करावयाचे होते?

कुरुक्षेत्राच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांची नावे गाव-गोत्रासह वह्यांत लिहून ठेवण्याची जुनी रीत आहे. पुणे, सातारा, वाई, नाशिक या गावांची माणसे १७६० च्या त्या आश्विन-कार्तिकात तेथे आपली नावे लिहून येणार होती. आज दिल्लीहून सकाळची गाडी धरली तर दोन-अडीच तासांत कुरुक्षेत्र येते. पानिपतात चढले तर तासाभरात. करनाल सोडले की तरावडीचे स्थानक लागते. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत.